खंडेनवमीला बिघडलेलं नाक

केतकीने दुधाची पिशवी घेऊन वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं आणि नाक दाबून ती तिथेच थांबली.

"आजी, पेट्रोल सांडलंय का?"

"नाही गं. कुठं सांडलंय?" आजीचं डोकं गाडीच्या बॉनेटखाली होतं. ते तिने बाहेरही काढलं नाही.

"मग एवढा वास कसला? डोळे चुरचुरायला लागले माझे."

"वास?" आजीने दोन-तीनदा जोराने श्वास घेऊन पाहिला. "मला तर नेहमीसारखंच वाटतंय."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या पाटावरून एक शांत, नीटनेटका आवाज आला. "केतकी, तुझा काहीतरी गैरसमज होतो आहे. माझ्याकडच्या आकड्यांनुसार इंजिनाला पेट्रोल कमी पडत आहे. बरंच कमी."

घ्या! नाक म्हणतं पेट्रोल जास्त झालंय, आकडे म्हणतात पेट्रोल कमी पडतंय. दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलत होतं. ते कोण, हे उद्या सकाळच्या आत शोधायचं होतं, आणि तेही एकाही अवजाराला हात न लावता.

हात का लावायचा नाही? ते समजायला थोडं मागे जावं लागेल. खरं म्हणजे पुढे, कारण ही गोष्ट आहे सन २०६२ मधली.

तेव्हा रस्त्यावरची सगळी वाहनं विजेवर चालत. आवाज नाही, धूर नाही. पेट्रोलच्या जुन्या गाड्या मोजक्याच उरल्या होत्या, आणि त्यांचं पेट्रोलसुद्धा जमिनीतून काढलेलं नसे. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घेऊन, सूर्याच्या ऊर्जेवर ते कारखान्यात बनवत. या म्हाताऱ्या गाड्यांना वर्षातून एकच दिवस रस्त्यावर यायची परवानगी होती. तो दिवस दसऱ्याचा. दसऱ्याला गावाची वेस ओलांडायची, सीमोल्लंघन करायचं, ही आपली जुनी रीत. म्हणून कोल्हापुरातल्या जुन्या गाड्या त्या दिवशी वेस ओलांडून पन्हाळ्याचा घाट चढत. अट एकच होती. वेशीवरच्या नाक्यावर धूर तपासला जाई. धूर घाण निघाला तर त्याच जागी इंजिनाला सील लागे आणि गाडी संग्रहालयातल्या काचेमागे जाऊन बसे. कायमची.

उद्यमनगर या कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या भागात राहणाऱ्या स्वप्नाली आजीकडे अशी एक गाडी होती. छोटीशी, आकाशी रंगाची, वयाने साठीची. तिचं नाव पाखरू. आजीच्या वडिलांनी ती घेतली होती आणि आजी त्याच गाडीवर गाडी चालवायला शिकली होती. पुढे आजी इंजिनांची मोठी शास्त्रज्ञ झाली, देशोदेशी फिरली, पण पाखरूवरून हात फिरवल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. केतकी ही तिची पुण्याची नात. दर दसऱ्याला ती कोल्हापूरला यायची आणि पाखरूच्या मागच्या सीटवर बसायची. मागच्याच, कारण आजीचा नियम होता, बारा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय पुढे बसायचं नाही. या ऑगस्टमध्ये केतकीला बारा पूर्ण झाली होती. पुढच्या सीटचं स्वप्न बघत ती गेले दोन महिने दिवस ढकलत होती.

आणि पाटावरचा तो नीटनेटका आवाज? तो पान्याचा. पान्या म्हणजे वर्कशॉपमधला यंत्रमानव. त्याच्या उजव्या हाताला बोटांऐवजी नट फिरवायचा पाना होता म्हणून हे नाव. पाखरूच्या संगणकातले आकडे त्याला बसल्या जागी कळत. तो शुद्ध मराठी बोलायचा आणि आजीचं बोलणं दुरुस्त करायला बघायचा. कोल्हापुरात बायकाही "मी आलो, मी गेलो" म्हणतात, हे त्याला पटायला फार वेळ लागला. शेवटी बिचाऱ्याने नाद सोडला.

आज खंडेनवमी होती. या दिवशी उद्यमनगरात अवजारांची पूजा होते. पाने, हातोड्या, पकडी सगळं घासूनपुसून ओळीने मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं ठेवायची, आणि मग दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. "वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस तरी झोपू देत," असं आजी म्हणायची. या बाबतीत ती फार कडक होती.

सकाळी पान्याने यावर शंकाही काढली होती. "आजी, मी अवजार आहे की माणूस?"

"पाटावर बसलास का? कपाळाला कुंकू लावून घेतलंस का? नैवेद्य दाखवला का तुला? मग झालं तर. आता उद्यापर्यंत हात चालवायचे नाहीत. तोंड चालवलंस तर मी काय बोलणार नाही."

त्याआधी, म्हणजे त्याची स्वतःची पूजा व्हायच्या आधी, पाखरूची पूजा पान्यानेच केली होती. आजीने सांगितलं होतं, "पाखराच्या प्रत्येक भागाला कुंकवाचं बोट लाव रे, काही राहायला नको. आणि उद्या घाटात वाऱ्यानं उडून जाईल असं लावू नकोस!" आजीने हे हसत हसत सांगितलं. पान्याने ते हुकूम म्हणून ऐकलं. बॉनेटपासून सायलेन्सरपर्यंत, एकेक नळी, एकेक नट, सगळीकडे कसे बरोबर मधोमध लाल ठिपके! केतकी तर टाळ्या वाजवत होती.

मग चाकाखाली लिंबू ठेवलं. आजीने पाखरू त्यावरून नेलं, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि इंजिन सुरू ठेवून गाडी आत आणून लावली. केतकी दूध आणायला गेली. ती परत आली तर हा असा प्रकार.

"आधी गाडी बाहेर काढू," आजी म्हणाली. तिने इंजिन बंद केलं, आणि दोघींनी मिळून पाखरू ढकलत अंगणात आणलं. पान्या पाटावरून नुसता बघत राहिला. त्याला मदत करता येत नव्हती याचं त्याला वाईट वाटत असावं, कारण त्याचे डोळे सारखे उघडझाप करत होते. आजीने पाटासकट त्यालाही ओढून दारापाशी आणलं.

मग तिने पदराला खोचलेला पांढरा रुमाल काढला, इंजिन सुरू केलं आणि रुमाल सायलेन्सरच्या तोंडासमोर धरला. थोड्याच वेळात रुमालावर काळं वर्तुळ उमटलं. काजळी!

आजीचा चेहरा पडला. "केतू, तुझं नाक बरोबर आहे बाळ. पेट्रोल जास्तच होतंय. हा धूर घेऊन मी उद्या नाक्यावर गेलो, तर पाखरू काही परत यायचं नाही."

"आपल्याला वासावरून निष्कर्ष काढता येणार नाही," पान्या म्हणाला. "आणि रुमाल हे प्रमाणित उपकरण नाही."

"गप्प बस की जरा!" आजी म्हणाली, पण रागाने नाही. मग ती पायरीवर बसली आणि शेजारची जागा तिने हाताने झटकली. "ये इकडं. अवजारं झोपलीत तर झोपू देत. डोकं तर जागं आहे ना? सांग बघू, इंजिनाच्या पोटात काय होतं?"

"पेट्रोल जळतं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे."

"बरोबर. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला हवा किती लागत असेल?"

"एक किलो? दोन?"

"जवळजवळ पंधरा किलो!"

केतकीचे डोळे विस्फारले. पंधरा किलो हवा म्हणजे केवढी, हे तिला कळेना.

"साधारण मागची छोटी खोली भरेल एवढी," पान्याने मदत केली. तोंडाची परवानगी होतीच.

"आता हे प्रमाण बिघडलं तर काय होतं बघ," आजी म्हणाली. "गुऱ्हाळ बघितलंयस ना? चुलाणात उसाची चिपाडं बेतानं सारली तर जाळ लखलखीत. एकदम कोंबली की हवा पुरत नाही आणि धुराड्यातनं काळा धूर. इंजिनाचंही तसंच. पेट्रोल जास्त झालं की काजळी. कमी झालं की इंजिन उचक्या देतं, तापतं. म्हणून प्रमाण सांभाळायला पाखराला एक नाक दिलंय."

"नाक?"

"ऑक्सिजन सेन्सर (धुरात किती ऑक्सिजन उरला ते ओळखणारा भाग). अंगठ्याएवढा असतो, धुराच्या नळीत खुपसलेला. धुरात ऑक्सिजन उरला, तर त्याचा अर्थ काय?"

केतकीने विचार केला. "हवा उरली. म्हणजे पेट्रोल कमी पडलं."

"शाब्बास! मग इंजिनाचा छोटा संगणक पेट्रोल वाढवतो. आणि ऑक्सिजन काहीच उरला नाही तर?"

"पेट्रोल जास्त झालं. मग तो कमी करतो!"

"ही जी वाढ-घट तो सतत करत असतो, तिला फ्युएल ट्रिम (ठरलेल्या मापात इंजिनाच्या संगणकाने आपणहून केलेली इंधनाची दुरुस्ती) म्हणतात. शून्याच्या आसपास असली की समजायचं, सगळं ठीक. पान्या, सकाळी पूजेच्या आधी किती होती?"

"अधिक दोन टक्के. उत्तम."

"आणि आता?"

"अधिक पंचवीस टक्के. यापुढे जाण्याची संगणकाला मुभाच नाही. आणि तरीही सेन्सर सांगतो आहे की धुरात ऑक्सिजन भरपूर आहे."

केतकी ताडकन उभी राहिली. "म्हणजे जिथे शंभर थेंब पुरे होते, तिथे संगणक सव्वाशे थेंब ओततोय, आणि नाक अजून 'वाढ, वाढ' म्हणतंय? पंगतीतल्या हट्टी काकांसारखं?"

"अगदी तसंच!" आजी खळखळून हसली. "आता प्रश्न एवढाच, की नाक असं का म्हणतंय?"

मग संशयितांची झडती सुरू झाली. पहिला संशय केतकीनेच घेतला. इंजिनात हवा शिरते त्या वाटेवर कुठे फट पडली असेल आणि चोरून जास्तीची हवा आत जात असेल तर?

"चांगला विचार आहे," आजी म्हणाली. "पण तसं असतं तर पेट्रोल खरोखरच कमी पडलं असतं. संगणकानं भर घातली की हिशोब जुळला असता. रुमाल काळा झाला असता का?"

नसता झाला. पहिला संशयित सुटला.

"मग फट नाकाच्या जवळ असेल," केतकी म्हणाली. "धुराच्या नळीला. बाहेरची हवा तिथून आत शिरते, नाकाला तोच ऑक्सिजन लागतो, आणि त्याला वाटतं इंजिनातूनच आला."

आजीने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "हे मला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी समजलं होतं."

"पूजेतली उदबत्ती आणू? फटीपाशी धूर हलेल!"

"खुळी का काय! पेट्रोलच्या गाडीजवळ विस्तव? उदबत्ती देवापाशीच राहू दे. बादलीत साबणाचं पाणी कर जा."

केतकीने हाताने घुसळून घुसळून बादलीभर फेस केला. आजीने इंजिन थंड होऊ दिलं, मग नळीच्या सांध्यांवर फेस थापला आणि पुन्हा सुरू केलं. कुठे फट असेल तर तिथे बुडबुडे फुगणार होते. दोघी वाकून बघत राहिल्या. फेस नुसता मजेत बसून होता. केतकीच्या नाकाच्या शेंड्याला मात्र एक मोठा बुडबुडा चिकटला. पान्याने तोही पाहून "ही फट नव्हे" असं जाहीर केलं.

दुसराही सुटला. आता उरलं ते नाक स्वतः.

"ते खरं बोलतंय का, हे बघायची एक सोपी युक्ती आहे," आजी म्हणाली. इंजिन गरम झाल्यावर तिने हवा आत जायच्या तोंडावर तळहात अर्धवट धरला. इंजिन घुसमटून घरघरायला लागलं. "आता मी हवा अडवलीय. पेट्रोल नक्की जास्त झालं. धुरात ऑक्सिजन उरायलाच नको. पान्या, सेन्सर काय म्हणतोय?"

पान्या म्हणाला, "तो म्हणतो आहे, ऑक्सिजन भरपूर आहे. आकडा जराही हललेला नाही."

म्हणजे खोटारडा सापडला! केतकीने आनंदाने उडी मारली. पण आजीने हात काढला, इंजिन बंद केलं आणि मान हलवली.

"काय झालं गं?"

"नाक मेलेलं दिसतंय, केतू. आणि असलं नाक बनवायचं बंद होऊन वीस वर्षं झाली. सगळ्या देशात शोधलं तरी उद्या सकाळपर्यंत काही मिळत नाही." आजीने पाखरूच्या बॉनेटवर हात ठेवला. "चल पाखरा. पुष्कळ उडलो आपण."

केतकीला रडू आवरेना. पुढच्या सीटचं तर वाटत होतंच, पण त्याहून जास्त आजीचं वाटत होतं. आजीला असं हळू बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. आजीला डोळे दिसायला नकोत म्हणून ती विसरलेली दुधाची पिशवी उगाचच उचलून आत ठेवायला गेली. थोडं आत थांबली, नाक शिंकरलं, आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं.

तिला वास येत नव्हता.

मघाशी डोळे चुरचुरले होते. तशी दारं उघडल्यावर हवा पुष्कळ खेळली होती, पण तिच्या फ्रॉकलाच आता पेट्रोलचा वास लागलेला असणार, आणि तोही तिला कळत नव्हता. आजीला तर पहिल्यापासूनच काही कळलं नव्हतं. का? कारण आजी सकाळपासून त्याच हवेत होती. केतकी बाहेरून आली होती. तिच्या नाकाकडे मघाशी बाहेरची स्वच्छ हवा होती, जिच्याशी ताडून बघता येईल!

ती धावत अंगणात आली. "आजी! पाखरूचं नाक वास कशाशी ताडून बघतं?"

"म्हणजे?"

"मला बाहेरून आल्यावर वास कळला, आता नाही कळत. नाकाला नुसता वास कळत नाही. आधीच्या हवेपेक्षा वेगळं काय, तेवढंच कळतं. मग पाखरूचं नाक धूर कशाशी ताडून बघतं?"

आजी उघड्या तोंडाने तिच्याकडे बघत राहिली. मग तिने फाडकन कपाळावर हात मारला. "अगं, बाहेरच्या हवेशी! इतकी वर्षं शिकवलं मी हे, आणि ऐन वेळी विसरलो!"

तिने तिथेच मातीत बोटाने चित्र काढलं. सेन्सरच्या आत चिनी मातीसारख्या खास पदार्थाची एक टोपी असते. टोपीच्या बाहेरच्या अंगाला इंजिनातला धूर लागतो. आतल्या पोकळीत बाहेरची स्वच्छ हवा असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक जास्त, तितकी वीज जास्त. तीही अगदी थोडी, पुरती एक व्होल्टसुद्धा नाही. पेट्रोल जास्त झालं की धुरातला ऑक्सिजन संपतो, फरक वाढतो, वीज वाढते. पेट्रोल कमी पडलं की धुरात ऑक्सिजन उरतो, फरक घटतो, वीज घटते. संगणक फक्त ती वीज बघतो.

"पण स्वच्छ हवा पोकळीत जाते कुठून?" केतकीने विचारलं.

"या जुन्या सेन्सरच्या मागच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं भोक असतं. त्यातनं."

"आणि ते भोक बंद झालं तर?"

"तर आतला ऑक्सिजन हळूहळू संपून जाईल. फरक उरणार नाही. वीज येणार नाही. आणि वीज आली नाही की संगणक म्हणणार..."

"धुरात ऑक्सिजन भरपूर! पेट्रोल वाढवा!" केतकी ओरडली. "नाक मेलेलं नाहीये आजी, ते चोंदलंय!"

"पण चोंदेल कशानं? सकाळी तर ठणठणीत होतं. त्यानंतर आपण केलंच काय? नुसती पूजा तर केली."

दोघींच्या माना एकदमच पाटाकडे वळल्या.

पान्याच्या डोळ्यांची उघडझाप थांबली होती. "मी प्रत्येक भागाला कुंकवाचं बोट लावलं," तो सावकाश म्हणाला. "सेन्सरलासुद्धा. मागच्या बाजूला, बरोबर मधोमध."

"कुंकवानं काय होतंय?" आजी म्हणाली. "इंजिन हादरलं की कुंकू झडून जातं."

"तेच तर. आपण सांगितलं होतं की वाऱ्याने उडता कामा नये. म्हणून मी ते सांधे बुजवायच्या चिकट लेपात कालवलं. तो उष्णतेने वितळत नाही. शिवाय लाल होता. रंग अगदी जुळला."

आजी आधी नुसतीच थरथरली. मग तिला जे हसू फुटलं, ते आवरता आवरेना. ती पायरीवर बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईतो हसली. केतकीही हसत सुटली.

"यात हसण्यासारखं काय आहे?" पान्या म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "पाखरूचं नाक मी बंद केलं. आणि दिवसभर, केतकी, तुझ्या नाकाला चूक म्हणत राहिलो."

"अरे, तू सांगितलं तसंच केलंस," आजी डोळे पुसत म्हणाली. "सांगणाऱ्यानं नीट सांगितलं नाही. अर्धी चूक माझी. आणि आकडे तू खरेच सांगत होतास की. आकड्यांना जे कळलं तेच तू सांगितलंस."

इंजिन निवेपर्यंत तिघं अंगणात बसली. दोघींनी नवरात्रातल्या कडक पुऱ्या, म्हणजे कडाकण्या खाल्ल्या आणि पान्याने त्यांचा कुरुमकुरुम आवाज कसा येतो त्याचं वर्णन केलं. मग आजीने नळीला हात लावून पाहिला. थंडगार.

"माझा हात तिथं शिरत नाही," ती म्हणाली. "स्क्रू काढता आले असते तर वेगळं. पण आज नट फिरवायच्या पान्याला हात लावायचा नाही, आणि या आपल्या पान्यालाही लावू द्यायचा नाही."

केतकीचा हात मात्र अलगद आत गेला. तिने बोटांनी चाचपत सेन्सर शोधला. त्याच्या पाठीवर एक गुळगुळीत, रबरासारखा ठिपका लागला. नखाने तिने कड उचलली. नख काही अवजार नव्हे! ठिपका टिकलीसारखा सोलून निघाला. आत भोकातही थोडा लेप शिरला होता, तो तिने झेंडूच्या कडक देठाने कोरून काढला.

"देठ हे अवजार धरायचं का?" पान्याने विचारलं.

"फूल आहे ते!" दोघी एकदम म्हणाल्या.

आजीने किल्ली फिरवली. इंजिन गरम झालं. आता सगळं पान्यावर होतं.

"अधिक पंचवीस," तो म्हणाला. केतकीने श्वास रोखला. "अधिक पंचवीस. थांबा. सेन्सर हलला! तो म्हणतो आहे, पेट्रोल जास्त आहे. संगणक कमी करतो आहे. अधिक वीस. अधिक चौदा. नऊ. पाच..." पान्याचा नीटनेटका आवाज आता मुळीच नीटनेटका राहिला नव्हता. "अधिक दोन! अधिक दोन टक्के!"

आजीने रुमालाची कोरी बाजू सायलेन्सरसमोर धरली. ती पांढरीच राहिली. तिने केतकीला उचलून घेतलं. बारा वर्षांच्या मुलीला उचलणं तिला झेपणारं नव्हतं, पण त्या दिवशी झेपलं.

केतकी खाली उतरली ती सरळ पाटापाशी गेली. "पान्या, तू कधी वर्कशॉपच्या बाहेर गेलायस?"

"नाही. कधी आवश्यकता पडली नाही."

"म्हणजे तुझ्याकडे ताडून बघायला बाहेरची हवाच नाही. तुझंही भोक बंदच आहे की!"

पान्याचे डोळे पुन्हा उघडझाप करू लागले. "हे खरं आहे," तो म्हणाला. "पण भोक उघडायचं कसं?"

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, पाखरू नाक्यावर उभं राहिलं. पुढे स्टीअरिंगवर आजी, शेजारी केतकी, आणि मागच्या सीटवर केतकीच्या जुन्या जागी, पट्टा बांधून, कपाळावरचं कुंकू मिरवत पान्या. तपासनिसाने सायलेन्सरपाशी नळी धरली. यंत्रावर हिरवा दिवा लागला. त्याने आजीच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि फाटक वर केलं.

पाखरूने वेस ओलांडली. घाट लागला. वळणावळणाला वारा वाढत गेला. केतकीला वरून सगळं खोरं दिसत होतं, आणि आपण पुढच्या सीटवर बसलोय यावर तिचा अजून विश्वास बसत नव्हता.

मागून पान्याचा आवाज आला. "आजी, इथली हवा माझ्या आकड्यांशी जुळत नाही. ओलावा वेगळा, धूळ वेगळी. ओल्या गवताचा वास आहे, तो माझ्या यादीत नाही."

"मग चुकतंय कोण? हवा की तू?"

"कुणीच नाही. मला आजवर एकाच खोलीतली हवा माहीत होती." त्याने काचेकडे मान वळवली. "परत गेल्यावर मला वर्कशॉपचाही वास येईल, नाही का? खरा?"

"येईल की," आजी म्हणाली. "आणि आता रोज संध्याकाळी माझ्याबरोबर रंकाळ्यावर फिरायला यायचं."

"येईन. आजी, आज दसरा आहे. आता मी हात चालवले तर चालेल ना?"

"चालेल रे बाबा, खुशाल चालव!"

पान्याने आपला डावा हात पुढे केला, दारावरची काच उतरवायची जुनी मूठ पकडली आणि ती गरगर फिरवून काच पूर्ण खाली केली.